पंडिता रमाबाईंची ‘साक्ष’ आणि तारणाचा कौल

वकिलीच्या व्यवसायात ज्या गोष्टी पुस्तकांतून शिकता येत नाहीत, त्यांपैकी एक ही की, आपल्याकडचा पक्षकार वकिलाकडे येण्यापूर्वी बहुधा देवाकडे जाऊन आलेला असतो. दावा लावावा की तडजोड करावी, भावाकडे वाटणी मागावी की गप्प बसावे, हे त्याने आधीच आपल्या कुलदेवतेला विचारलेले असते. गोव्यातील देवळांत कौल घेण्याची रीत या नियतकालिकाच्या वाचकांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. मूर्तीवर पाण्याने चिकटवलेल्या पाकळ्यांपैकी उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. आणि कोणतीच पडेना तर पुन्हा गाऱ्हाणे घातले जाते आणि घरची माणसे हात जोडून, श्वास रोखून उभी राहतात. या प्रथेची टवाळी करणाऱ्यांपैकी मी नव्हे. मनाचा निश्चय होईनासा झाला म्हणजे माणूस एखादा स्थिर शब्द शोधू लागतो, आणि तो शब्द आपल्या स्वतःच्या मनातून न येता बाहेरून यावा अशी त्याची अपेक्षा असते. या अपेक्षेत मनुष्यस्वभावाचे एक खोल सत्य आहे असे मला वाटते.

पण इतक्या वर्षांत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आहे. लग्न, जमीन, आजार, परदेशातील नोकरी, कोर्टातील खटला, या सर्वांसाठी कौल घेतला जातो. ‘मी तरेन का?’ या प्रश्नासाठी कौल घेतलेला मात्र मी कधी पाहिला नाही. हा प्रश्न आपल्याला पडत नाही असे नव्हे. पण त्याचे उत्तर आपण कर्माच्या आणि जन्मजन्मांतरीच्या हिशेबावर सोपवून मोकळे होतो. ख्रिस्ती धर्माच्या एका मोठ्या परंपरेत मात्र हाच प्रश्न पहिला आहे, आणि त्याचे निःसंदिग्ध उत्तर माणसाला याच जन्मी, दुःखाच्या ऐन मध्यावर मिळू शकते, असा त्या परंपरेचा दावा आहे. मराठी ख्रिस्ती लोक त्याला तारणाचा निश्चय म्हणतात. या दाव्याच्या बाजूने महाराष्ट्रकन्येने दिलेली सर्वांत वजनदार जबानी म्हणजे पंडिता रमाबाईंचे १९०७ साली केडगावच्या मुक्ति मिशनमधून निघालेले छोटे आत्मनिवेदन. ते इंग्रजीत आहे आणि त्याच्या नावाचा अर्थ ‘आमच्या अक्षय ठेव्याची साक्ष’ असा होतो.

रमाबाईंचे नाव निघाले की आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. कोणी त्यांचा स्त्रियांच्या उद्धारक म्हणून गौरव करतो, तर कोणी धर्मांतराबद्दल निषेध. गौरव करणारे त्यांची श्रद्धा बाजूला ठेवतात आणि निषेध करणारे त्यांचे दुःख बाजूला ठेवतात. ‘साक्ष’ वाचण्याची गरज दोन्ही पक्षांना भासत नाही. मला ती भासली, याचे कारण या पुस्तकाहून फार जुने आहे. माझ्या लहानपणी आमच्या वाड्यावरील एक बाई नवऱ्याच्या आजारासाठी सोळा सोमवार करीत असत. उद्यापन व्हायच्या आतच नवरा गेला. त्यांना देवाचा राग आला नाही. त्या पोथी सांगणाऱ्या भटजींकडे गेल्या आणि एवढेच विचारले, ‘माझ्याकडून काय चुकले?’ भटजींनी काय उत्तर दिले ते मला आठवत नाही. तो प्रश्न मात्र विसरता आलेला नाही. फलश्रुती हा जर करार असेल, तर फळ न मिळाल्यास करारभंग कोणाकडून तरी झालेला असलाच पाहिजे, आणि देव तो करीत नसल्यामुळे दोष भक्ताच्याच पदरी येतो. दुःखात पडलेल्या माणसाच्या डोक्यावर अपराधाचे हे दुसरे ओझे चढते. रमाबाईंची ‘साक्ष’ वाचताना ती बाई मला सारखी दिसत राहिली.

साक्षीदाराची पहिली परीक्षा ही की, तो पाहिलेले सांगतो की ऐकलेले. या कसोटीला रमाबाई पूर्णपणे उतरतात. १८५८ साली सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे वैष्णव ब्राह्मण पंडित. त्यांनी लोकनिंदा सोसून आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकविले आणि पुढे त्या माउलीने मुलीला शिकविले. कुटुंबाची मालमत्ता गेल्यावर ही मंडळी तीर्थयात्रेला निघाली आणि देवळादेवळांतून, नदीच्या घाटांवरून पुराणे वाचणे हेच त्यांचे उपजीविकेचे साधन झाले. श्रोते फुले, फळे, धान्य, पैसे पुढे ठेवीत. म्हणजे रमाबाईंनी फलश्रुती दुरून ऐकली नव्हती. ती त्यांनी स्वतः व्यासपीठावरून वाचली होती. सभामंडपात बसून पुराण ऐकणाऱ्या आपल्यासारख्यांपेक्षा त्यांचा अधिकार एका पायरीने वरचाच होता.

मग १८७० नंतरच्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. त्याची हकीकत त्यांनी १८९७ साली, दुसऱ्या एका दुष्काळाच्या वेळी, स्वतंत्रपणे लिहिली आणि दहा वर्षांनी ‘साक्षी’तही तिला स्थान दिले. ही दोन्ही लिखाणे शेजारी ठेवून वाचावीत. कुटुंबाने हाताशी असलेला पैसा देवकार्यात, दानधर्मात आणि ब्राह्मणभोजनात खर्च केला, कारण संकटात देव प्रसन्न व्हावा यासाठी शास्त्राने तेच सांगितले होते. नंतर दागिने विकले, भांडी विकली. भीक मागणे किंवा मोलमजुरी करणे विद्वान ब्राह्मणकुळाला सुचेना, आणि दुसरे काही येतही नव्हते. तिरुपतीच्या परिसरातील रानात झाडाचा पाला आणि रानखजूर यांवर दिवस काढल्यावर, दृष्टी गेलेल्या वृद्ध वडिलांनी जलसमाधी घेण्याचे ठरविले. तेव्हा मुलगा पुढे झाला आणि कुळाचा अभिमान सोडून मजुरी करीन म्हणाला. वडील थांबले, परंतु थोड्याच दिवसांत त्यांना मृत्यूने गाठले. पुढे रायचूरला आई तापाने आणि उपासमारीने खंगून गेली. तिच्यासाठी भाकरीचा तुकडा मागायला गेलेल्या रमाबाईंच्या तोंडून शब्द फुटेना. आईची तिरडी उचलायला पुरेशी माणसे मिळाली नाहीत, म्हणून मुलीने खांदा दिला. आणि ती उंचीने लहान, म्हणून तिने तो भार डोक्यावर घेतला. त्यानंतर थोरली बहीणही गेली.

वाङ्मय म्हणून पाहता रमाबाईंच्या गद्याचे सर्वांत श्रेष्ठ गुण याच पानांत आहेत. येथे विशेषणे नाहीत, विलाप नाही, देवाला दूषणेही नाहीत. क्रमाने काय घडले ते सांगितले जाते, आणि ज्या ठिकाणी एखादा सामान्य लेखक थांबून अश्रू ढाळील, त्या ठिकाणी रमाबाई पुढच्या गावाचे नाव सांगतात. ही शैली कोर्टातील उत्तम साक्षीदाराची आहे. या पानांतून निघणारा निष्कर्ष म्हणूनच जड वाटतो. या कुटुंबाने करारातील आपली बाजू अक्षरशः प्राण जाईपर्यंत पाळली होती. ‘माझ्याकडून काय चुकले?’ या प्रश्नाला त्यांच्या बाबतीत उत्तरच नव्हते. काहीच चुकले नव्हते.

यानंतर रमाबाई ख्रिस्ती झाल्या आणि त्यांना शांती मिळाली, असा सरळ क्रम आपण मनात धरतो. ‘साक्ष’ तसे म्हणत नाही, आणि तिचे खरे महत्त्व येथून सुरू होते. भावाबरोबर हजारो मैल पायी फिरून १८७८ साली त्या कलकत्त्याला पोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला, आणि १८८२ साली पतीलाही पटकीने नेले. पदरी कन्या मनोरमा. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. परंतु त्या स्वतः स्पष्ट सांगतात की, त्या वेळी ख्रिस्ती धर्म मिळाला. ज्याच्या नावाचा तो धर्म, तो मात्र मिळाला नाही. त्यानंतर जवळजवळ आठ वर्षे त्यांचा आत्मा उपाशीच होता. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिनशी त्यांनी केलेला पत्रव्यवहार १९७७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्यात त्या त्रैक्याच्या सिद्धांतावर, चर्चच्या अधिकारावर आणि परंपरेच्या प्रामाण्यावर शास्त्रार्थ केल्यासारख्या भांडताना दिसतात. शास्त्र्याची मुलगी ती. मठ बदलला म्हणून वाद करण्याची सवय कशी जावी?

निश्चय आला तो विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र वाचल्यानंतर. हा मनुष्य रीतसर दीक्षा घेतलेला पाद्री होता. चर्च बांधीत होता, उपासना चालवीत होता. पण १८५१ साली स्वतःच्याच व्यासपीठावरून प्रवचन देताना त्याला उमगले की, जे आपण लोकांना सांगतो ते आपल्यापाशी नाही. आणि त्या प्रवचनातच त्याचे परिवर्तन झाले. व्यासपीठावर बसून पुराण वाचलेल्या मुलीला ही हकीकत का भिडली असेल, हे निराळे सांगायला नको. तारण हे पुण्याचे फळ नसून दान आहे, त्याची किंमत दुसऱ्याने दिलेली आहे, आणि हे मानून ते स्वीकारणे एवढेच आपले काम, हा अर्थ रमाबाईंना तेथे सापडला. जात, लिंग, विद्या, व्रत यांपैकी कशाचीही त्यासाठी अट नाही, हे ज्या हर्षाने त्या सांगतात त्यामागे दुष्काळातील सगळे निष्फळ दानधर्म उभे आहेत.

हा सिद्धांत नीट समजून घेण्यासाठी प्रेषित पौलाच्या रोमकरांस लिहिलेल्या पत्राकडे जावे लागते. ते वाचताना वकिलाला परक्या मुलखात आल्यासारखे वाटत नाही. पौलाची भाषा न्यायालयाची आहे. आरोपी दोषी आहे हे निर्विवाद. तरीही न्यायाधीश त्याला नीतिमान ठरवितो, कारण त्याच्या वतीने दुसऱ्याने दंड भोगला आहे. आणि आठव्या अध्यायात पौल दत्तविधानाची उपमा घेतो. आपल्याला ती सहज कळावी. दत्तक पुत्राला घराण्याचा वारसा त्याच्या कर्तृत्वाने मिळत नाही, विधी पूर्ण झाला म्हणजे मिळतो. आणि एकदा विधी झाल्यावर ‘मी या घरचा आहे ना?’ असे त्याला रोज विचारत बसावे लागत नाही. मराठी ख्रिस्ती लोकांनी या अनुभवासाठी ‘तारण’ हा शब्द वापरला, त्याचाही आमच्या धंद्यातला अर्थ लक्षात घेण्याजोगा आहे. कर्ज फिटेल याची हमी म्हणून जे ठेवले जाते ते तारण. येथे ऋणकोपाशी ठेवायला काही नाही आणि दुसराच कोणी स्वतःला त्याच्या जागी तारण ठेवतो, असे त्या श्रद्धेचे म्हणणे.

गोव्यातील वाचकाने येथे एक भेद लक्षात ठेवला पाहिजे, नाहीतर तो आपल्या शेजाऱ्यांच्या माथी त्यांचा नसलेला सिद्धांत मारील. आपले ख्रिस्ती शेजारी बहुतांशी कॅथलिक. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे छापले गेले ते याच चर्चच्या आश्रयाने. आणि या चर्चने सोळाव्या शतकातील ट्रेंटच्या धर्मपरिषदेत असे ठरविले होते की, देवाच्या कृपेवर भरवसा असावा. पण ‘माझे तारण झालेच आहे’ अशी श्रद्धेची अढळ खात्री विशेष साक्षात्कारावाचून कोणी बाळगू नये. तेथे आशा आहे, संस्कार आहेत, साधुसंतांची मध्यस्थी आहे. रमाबाईंचा निश्चय मात्र प्रॉटेस्टंट पंथाचा, त्यातही एकोणिसाव्या शतकातील इंग्रज पुनरुज्जीवनवाद्यांच्या वळणाचा आहे. ख्रिस्ती घरातच या प्रश्नावर दोन मते आहेत.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. हा निश्चय दुःखाचे काय करतो? येथे आपला आणि पुष्कळ उत्साही ख्रिस्ती प्रचारकांचाही घोटाळा होतो. तारणाचा निश्चय म्हणजे संकटनिवारणाचे आश्वासन, असे दोघेही धरून चालतात. पौलाच्या त्याच आठव्या अध्यायाच्या अखेरीस आपत्तींची एक यादी आहे. क्लेश, छळ, नग्नता, धोका, तलवार. आणि त्याच यादीत दुष्काळ आहे. पौल असे म्हणत नाही की विश्वासणाऱ्यावर हे येणार नाही. उलट ते येणारच हे गृहीत धरून, यांपैकी काहीही आपल्याला ख्रिस्ताच्या प्रीतीपासून तोडू शकणार नाही, एवढेच तो म्हणतो. ज्या बाईने दुष्काळात आईबाप आणि बहीण गमावली, तिला त्या यादीतील तो एक शब्द शोभेचा वाटणे शक्यच नव्हते.

आपल्या जुन्या दप्तरांत ‘कौल’ या शब्दाचा एक निराळा अर्थ सापडतो. मूळ अरबी शब्दाचा अर्थ ‘वचन’. दुष्काळाने किंवा फौजेच्या स्वारीने गाव ओस पडले, रयत परागंदा झाली, म्हणजे सरकारातून कौल दिला जाई: परत या, जमिनी कसा, पहिली काही वर्षे सारा हलका राहील, तुम्हाला उपसर्ग लागणार नाही. कौल हाती आला म्हणून पाऊस पडेलच असे नसे. नांगर धरावा लागे, पीक बुडूही शके. पण रयतेला आता रात्रीतून पळून जावे लागत नसे. आपण कोणाचे आणि कोणत्या जमिनीवर उभे आहोत हे तिला ठाऊक असे. देवळात आपण मागतो तो कौल घटनेविषयी असतो, आणि हा कौल नात्याविषयी असतो. रमाबाईंना जे मिळाले ते दुसऱ्या प्रकारचे होते. ‘साक्षी’चा अर्थ मला एवढ्यावरून उलगडला.

त्यांचे पुढचे आयुष्य या अर्थाला दुजोरा देते. निश्चय झाल्यानंतर त्यांची संकटे कमी झाली नाहीत. १८९३ साली शारदा सदनात मुलींवर धर्मांतराचा प्रभाव पडत असल्याच्या आरोपावरून सल्लागार मंडळातील रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसे दूर झाली. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीतून शेकडो मुलींना घेऊन आल्या. पुढे गुजरातच्या दुष्काळानंतर केडगावची वस्ती सुमारे दोन हजारांवर गेली. ज्या आपत्तीने त्यांना पोरके केले त्याच आपत्तीच्या तोंडात त्या आपल्या पायांनी गेल्या. १९२१ साली, सारा भार जिच्यावर सोपवायचा ती मनोरमा गेली. वृद्ध आईने बायबलच्या मराठी भाषांतराचे काम सोडले नाही. ते पुरे करून १९२२ च्या एप्रिलमध्ये त्यांनी देह ठेवला. ज्याला स्वतःच्या मुक्तीची चिंता उरली नाही तो दुसऱ्यासाठी किती मोकळा होतो, याचा हा पुरावा मी तरी नाकारू शकत नाही.

परंतु साक्षीदार प्रामाणिक आहे एवढ्यावरून त्याचे प्रत्येक विधान ग्राह्य ठरत नाही. उलटतपासणी करणे हेही त्याचा मान राखणेच होय.

पहिला आक्षेप असा. स्वतः पाहिलेल्याविषयी बोलताना रमाबाई अचूक आहेत. समग्र हिंदू धर्माविषयी निकाल देताना त्या घाई करतात. शास्त्रग्रंथ चाळल्यावर सर्वांचे एकमत दोनच गोष्टींवर दिसले, ते म्हणजे स्त्रीजात अत्यंत वाईट आहे आणि तिला पुरुषांप्रमाणे मोक्ष मिळू शकत नाही, असा त्यांचा आरोप. वस्तुतः गीतेच्या नवव्या अध्यायात, भगवंताचा आश्रय घेणाऱ्या स्त्रिया, वैश्य आणि शूद्र यांनाही परम गती मिळते असे निःसंदिग्ध वचन आहे, आणि अठराव्याच्या अखेरीस शरण आलेल्याला शोक न करण्याचे अभय आहे. चोखोबा, जनाबाई, बहिणाबाई हे साक्षीदार त्यांच्या ‘साक्षी’त जवळजवळ पुकारलेच गेले नाहीत. एवढे सांगून मी आनंदाने खाली बसलो असतो. पण न्यायाधीश मला एक प्रश्न विचारील. दस्तऐवज तुमच्या पेटीत होता, तर तो अमलात का आला नाही? चोखोबांना पंढरीच्या राउळाबाहेर राहावे लागले, आणि त्या देवळाचे दार अस्पृश्यांना उघडण्यासाठी साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले. रमाबाईंनी पोथीतील धर्मापेक्षा देवळातील धर्माची साक्ष दिली, आणि देवळाविषयी त्या खोटे बोलल्या असे मला म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. केडगावला आलेल्या मुली भुकेतून आल्या होत्या. कायद्यात संमतीला किंमत असते ती ती मोकळ्या मनाने दिलेली असली तरच. ज्याने प्राण वाचविले त्याचाच देव स्वीकारणाऱ्या पोरक्या मुलीच्या निश्चयाला स्वतंत्र निश्चय म्हणावे काय? रमाबाईंनी स्वतःच्या श्रद्धेसाठी आठ वर्षे वाद घातला. तो वाद घालण्याची सवड त्या मुलींना मिळणे कठीण होते. केडगाव ख्रिस्ती संस्था आहे हे त्यांनी लपविले नाही, हे खरे. तरीही दान अटीवाचून असते हा ज्यांचा सिद्धांत, त्यांच्या बाबतीत हा प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. मात्र तो विचारताना, त्या मुलींना आणायला त्या वर्षी आपल्या देवस्थानांपैकी किती जण गेले होते, हेही आपण मनाशी विचारावे.

तिसरा आक्षेप वाङ्मयीन आहे. पुस्तकाच्या उत्तरार्धात, निश्चय लाभल्यानंतरच्या पानांवर, रमाबाईंची भाषा बदलते. रायचूरची भाकरी आणि तिरडी जिने दाखविली ती लेखणी आता इंग्रज धर्मसभांतील ठरीव शब्द वापरू लागते. तेथे वचनांमागून वचने येतात, अनुभव मात्र त्यांच्याआड जातो. मराठी बायबल करतानाही, हिंदू अर्थाचा गंध असलेले संस्कृत शब्द गाळून सामान्य बायांना कळेल असे भाषांतर करण्याचा त्यांचा हट्ट होता. हेतू उदात्त होता. पण संस्कृतात वाढलेल्या पंडितेने आपलीच अर्धी वाणी त्यागिली, आणि ती उणीव वाचकाला जाणवते.

तरीही ‘साक्षी’त एक स्थळ असे आहे की, जेथे नवी श्रद्धा आणि जुने प्रेम एकमेकांना सोडीत नाहीत. मरणोन्मुख वडील मुलीला जवळ घेऊन सांगतात की, मी तुला देवाच्या हाती दिले आहे, तू त्याची आहेस आणि जन्मभर त्याचीच सेवा कर. कट्टर मताच्या नवख्रिस्ती लेखकाने येथे वडिलांना अंधारात सोडून दिले असते. रमाबाई म्हणतात की, खऱ्या देवाची ओळख नसतानाही त्या अज्ञात देवाची त्यांनी सर्वस्वाने सेवा केली. अथेन्स नगरात पौलाने अज्ञात देवाची वेदी पाहिली होती, तिचा हा पडसाद आहे. खऱ्या देवाची ओळख त्यांना नव्हती, हे त्यांचे मत आपण मान्य करणार नाही. पण वडिलांनी ज्याच्या हाती दिले त्याच्याच हाती आपण पोचलो, हा त्यांचा विश्वास वाचून कोणत्याही देवळात वाढलेल्या माणसाचे डोळे ओलावतील.

या ठिकाणी मला तुकोबा आठवतात. १६२९ ते १६३१ च्या भयंकर दुष्काळात त्यांची पत्नी आणि मुलगा गेला, व्यापार बुडाला, समाजात पत गेली. एका अभंगात ते या सर्व आपत्ती एकेक मोजून, त्या आल्या हे बरेच झाले, असे देवाला सांगतात. आणि परंपरा सांगते की आपल्या वाट्याची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत बुडविली. हिशेबच संपविला. रमाबाई आणि तुकोबा एकच गोष्ट सांगतात असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे दोघांचाही अपमान होईल. रमाबाईंचा निश्चय इतिहासात एकदा घडलेल्या क्रुसावरच्या मरणावर उभा आहे, आणि तो निकाल लागून चुकला आहे. तुकोबांचे प्रकरण विठोबाशी रोज चालू आहे. ते भांडतात, रुसतात, संशय घेतात, पुन्हा पाय धरतात. पण दोघांनाही दुष्काळानेच शिकविले की देवाशी व्यापार करता येत नाही. कर्मसिद्धांत दुःखाचे कारण सांगतो, धीर देणे त्याला नेहमी साधत नाही. तारणाचा निश्चय धीर देतो, पण आई उपाशी का मेली हे सांगत नाही. आणि रमाबाई ते सांगण्याचा आव आणीत नाहीत, हा त्यांच्या साक्षीचा मोठा गुण आहे.

सोळा सोमवार करणाऱ्या त्या बाई आता हयात नाहीत. त्यांना रमाबाईंचे पुस्तक वाचायला द्यावे असे मी सुचविणार नव्हतो. त्यांची शिवावरची श्रद्धा शेवटपर्यंत टिकली आणि ती टिकावी असेच मला वाटे. पण ‘तुमच्याकडून काही चुकले नाही’ एवढा एक शब्द त्यांना आपल्या सभामंडपात कोणीतरी द्यायला हवा होता. तो शब्द देण्याचे सामर्थ्य आपल्या परंपरेत आहे, हे गीता आणि तुकोबा सांगतात. तो आपण किती जणांना दिला, हे मात्र रमाबाईंची साक्ष विचारते. आणि ती आपल्या विरुद्ध पक्षाची आहे एवढ्याच कारणावरून ती फेटाळता येणार नाही. देवळात कौल मागायला आपण जातच राहू. पाकळी डावीकडची पडली तरी आपण त्याचेच आहोत, एवढे ज्याला त्या पायरीवर कळले, त्याला दुसरा कौल लागत नाही.